आधी कागदाचं नाव सांगा

आमच्या खानदानात कुणालाही सरकारी कागद लागला की फोन मलाच येतो. कारण काय, तर कधीकाळी मी एक आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाकला होता आणि त्याचं चक्क उत्तर आलं होतं, तेवढ्यावर माझी ख्याती पार काटोलपर्यंत पसरली. प्लॉटचा लफडा असो, पेन्शन अडकलेली असो नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीनं हिशोब दाबलेला असो, पलीकडून एकच वाक्य येतं, "एक आरटीआय टाकून दे नं भाऊ." म्हणजे आरटीआय टाकणं हे लोकांना देवाला नारळ फोडण्यासारखं वाटतं, फोडलं की काम झालं.

मी पहिला प्रश्न विचारतो, कागद कोणता पाहिजे? इथंच गाडी अडते. "अरे तेच तर माहीत नाही, तेच तर काढायचं आहे."

माझं म्हणणं सगळं या एका अडचणीभोवतीच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कायदा तसा सोपा आहे. साध्या कागदावर जोडपत्र 'अ'चा नमुना लिहायचा, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचं, आवकमध्ये देऊन पोच घ्यायची. ३० दिवसांत उत्तर द्यायला पाहिजे, माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. नाही दिलं तर पहिलं अपील, मग ९० दिवसांच्या आत दुसरं अपील माहिती आयोगाकडे, आपल्याकडे त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही, नागपूरलाच खंडपीठ आहे. अधिकाऱ्यानं विनाकारण उशीर केला तर दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५ हजार. कागदावर सगळं झकास. पण महाराष्ट्रात २०१२ पासून एक नियम आहे की अर्जात एकच विषय पाहिजे आणि तोही १५० शब्दांत बसला पाहिजे. आता ज्याला कागदाचं नाव माहीत आहे त्याला १५० शब्द लागतच नाहीत, तो दोन ओळीत मागतो, "अमुक गावच्या अमुक सालच्या फेरफार क्रमांक इतक्याची साक्षांकित प्रत." ज्याला माहीत नाही तो बिचारा आपली पूर्ण कहाणी लिहितो, भावानं कसं फसवलं, बाप कसा वारला, साहेब कसा बोलला. आणि मग उत्तर येतं, "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." त्या उत्तरात कायद्यानं फारसं चूक काही नसतं हे अजून वाईट, कारण कायद्यात 'माहिती' म्हणजे कार्यालयाकडे आधीच असलेला कागद, तुमच्या 'का'चं उत्तर त्यात येत नाही.

नागपुरात तर कागदाचं नाव माहीत असणं ही वेगळीच विद्या आहे. प्लॉट घ्यायला गेलं की मौजा, खसरा नंबर, प.ह.नं., ले-आउट, प्लॉट नंबर, आरएल निघाला का, गुंठेवारीत बसतो का, नझूल तर नाही नं, हे सगळं एका दमात विचारणारा माणूस सोबत लागतो. प.ह.नं. म्हणजे पटवारी हलका नंबर. पुण्याकडचा माझा एक मित्र इथं बदलून आला, त्याला वाटलं हा पोस्टाचा काहीतरी प्रकार आहे. तिकडे सगळे तलाठी म्हणतात, आपण अजून पटवारीच म्हणतो, कारण आपले जुने कागद मुंबई इलाख्याचे नाहीतच, ते सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरारचे, म्हणजे सीपी-बेरारचे आहेत. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं, मग १ नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यात गेलो, दप्तरातलं काही भोपाळला गेलं, काही इथं जुन्या सचिवालयात राहिलं. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, गेली पण मालगुजारीच्या काळातले कागद आहेत, निस्तार पत्रक आहे, वाजिब-उल-अर्ज आहे, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आहे. गावच्या तलावावर कुणाचा हक्क, जनावरं कुठं चरायला न्यायची, सरपण कुठून आणायचं, स्मशानाची जागा किती, हे सगळं त्यात लिहून ठेवलेलं आहे. आजही एखाद्या गावात कुणी तलावाच्या पाळीवर कंपाउंड टाकलं की भांडण शेवटी त्या निस्तार पत्रकावरच येऊन थांबतं. पण निस्तार पत्रक नावाची वस्तू असते हे गावातल्या किती जणांना माहीत आहे?

आता घरचं सांगतो. माझ्या पुतणीला इंजिनीअरिंगच्या अॅडमिशनसाठी जात वैधता पाहिजे होती. आमचा वर्ग ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा पाहिजे. एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, या तारखा नागपुरातल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याला तोंडपाठ असतात. आमच्याकडे बाबांच्या शाळेचा दाखला होता, चाळीसच्या दशकातला, दादा निश्चिंत होता. दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल आणली तर जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहून ठेवलं होतं 'हिंदू'. बस. पुढं काही नाही. त्या मास्तरांच्या मनात काय होतं देव जाणे, कंटाळा असेल किंवा एखादं उदात्त तत्त्वही असेल, पण ऐंशी वर्षांनी त्याच्यापायी एक पोरगी रडत बसली.

मग आजोबांचा कागद शोधणं आलं. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. राहिलं कोतवाल बुक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीपीमध्ये गावोगावच्या जन्म-मृत्यूची खबर गावचा कोतवाल पोलीस ठाण्यात नेऊन देत असे आणि तिथं ती रजिस्टरात चढत असे. कोतवाल स्वतः बहुतेक अक्षरशत्रू, पण आज विदर्भात हजारो पोरांची अॅडमिशनं त्यानं तोंडी सांगितलेल्या खबरेवर होतात. त्यात जात लिहिलेली असते, म्हणून तो पुरावा.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी गेलो. (तालुक्याचं नाव राहू द्या.) बाबू चांगला होता, उगाच कशाला कुणाला नावं ठेवायची, पण त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "काकाजी, गाव सांगून काही होत नाही. तवा थाना कोणता होता ते सांगा नं." आता आजोबांच्या जन्माच्या वेळी आमचं गाव कोणत्या ठाण्याखाली होतं हे आम्हाला कुठून माहीत? बरं, तालुकाही तो राहिलेला नाही. १९०८ च्या गॅझेटियरमध्ये बघितलं तर अख्ख्या नागपूर जिल्ह्यात तहसिली फक्त ४, नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल. आज तालुके १४. म्हणजे जुन्या तहसिलीचे तुकडे होत गेले, पण प्रत्येक तुकड्यासोबत त्याचे बस्ते, म्हणजे कागदांचे गठ्ठे, गेलेच असं नाही. काही गेले, काही जुन्याच ठिकाणी राहिले, काही जिल्ह्याला आले. कोणत्या गावचे कुठं, हे लिहिलेली यादी आहे का, असं विचारलं तर बाबू हसला. "यादी? यादी आमच्या अमक्याच्या डोक्यात होती, ते रिटायर झाले."

ते रिटायर झालेले काकाजी मग आम्ही हुडकले. बाजाराच्या चौकात चहाच्या टपरीवर बसायचे. त्यांनी ठाण्याचं नाव विचारलं नाही, आजोबांची जन्मतारीख विचारली नाही, विचारलं काय तर, "तुमच्या गावचे लोक बाजाराले कोठी जात होते?" दादानं सांगितलं. "मंग थाना तोच. कोतवाल बाजाराच्या दिवशीच खबर घेऊन जाये, दुसऱ्या दिवशी कायले जाईन तो पायी पायी?" आणि पुढं, "तिथले बस्ते तिकडं नाही, इकडं आहेत, मागच्या खोलीत, खिडकीखालच्या रॅकले."

होते. खरोखर तिथंच होते.

रजिस्टर उघडलं तेव्हाचं सांगतो. लांबट वही, पानं जाड पण कडेनं भुगा होत आलेली, शाई काळी होती ती विटकरी झालेली, अक्षर मात्र असं की आजच्या कुठल्या कर्मचाऱ्याला जमणार नाही. मराठी-हिंदी मिसळ. जन्माच्या रकान्यात मुलाचं नाव नाहीच, कारण बारसं व्हायच्या आधीच खबर जायची, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचं नाव, मग 'वल्द' आणि त्याच्या बापाचं नाव, जात, गाव. त्यामुळे आजोबांना त्यांच्या नावानं शोधून काही उपयोग नव्हता, पणजोबांच्या नावानं शोधावं लागलं. आणि सापडलं तेव्हा 'वल्द'च्या पुढं जे नाव होतं ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनाही नाही. श्राद्धाला आम्ही तीन पिढ्यांच्या वर नाव घेत नव्हतो कारण माहीतच नव्हतं, ते तिथं एका फौजदाराच्या मुन्शीनं लिहून ठेवलेलं होतं, शंभर वर्षं.

शोधताना मधे १९१८ ची पानं लागली. मृत्यूच्या रजिस्टरची. एरवी एका महिन्याला एका गावच्या एकदोन नोंदी, देवी, हगवण, साप, म्हातारपण. आणि त्या दिवाळीच्या आसपास पानं संपतच नाहीत, कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप, पुढं पुढं तर लिहिणाऱ्यानं शब्दही सोडून दिला नुसती वरच्यासारखी खूण मारत गेला. इन्फ्लुएन्झाची साथ. सीपी-बेरारला त्या साथीचा देशात सगळ्यात जबर फटका बसलेल्या भागांत धरतात, हे मी वाचलेलं होतं. पण वाचणं वेगळं. एकाच घरच्या तीन ओळी एकाखाली एक बघणं वेगळं. पुतणी बाजूला उभी होती ती म्हणाली, काका हे सगळं कुणी स्कॅन का नाही करत? मी म्हटलं चल आधी तुझी नक्कल घेऊ.

नक्कल मिळाली, व्हॅलिडिटीही झाली, पोरगी आता सेकंड इयरला आहे. विषय संपला खरं तर. पण माझ्या डोक्यातून तो टपरीवरचा प्रश्न जात नाही, बाजाराला कुठं जात होता. एवढी मोठी सरकारी यंत्रणा, माहितीचा अधिकार, ऑनलाइन पोर्टल, आणि किल्ली कुठं, तर एका रिटायर्ड माणसाच्या आठवणीत. तो माणूस त्या दिवशी चहाला आला नसता तर आम्हाला काय उत्तर मिळालं असतं हे मला पक्कं माहीत आहे, "सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही." आणि हे उत्तर देणारा खोटंही बोलला नसता.

लोक म्हणतात सरकार माहिती लपवतं. लपवतंच, जिथं पैशाचा मामला आहे तिथं तर लपवतंच. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं जे आंदोलन उभं केलं ते मस्टर रोलसाठीच होतं, रोजंदारीवरच्या बाईला बघायचं होतं की माझ्या नावानं किती दिवस मांडले आणि किती रुपये उचलले. १९९६ साली ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं तेव्हा घोषणा होती, हमारा पैसा, हमारा हिसाब. आपल्याकडे अण्णा हजारे २००३ च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा राज्याचा कायदा लागू झाला, मग देशाचा आला, १२ ऑक्टोबर २००५ ला, त्या दिवशी दसरा होता. तो इतिहास मोठा आहे आणि त्यात लोकांनी जीवही गमावलेत. पण त्या लढाईत मागणाऱ्याला कागदाचं नाव माहीत होतं. मस्टर रोल. व्हाउचर. मोजमाप पुस्तिका. नाव माहीत होतं म्हणून तर मागता आलं.

आता गंमत बघा. आरटीआय म्हटलं की सगळ्यांना कलम ६ आठवतं, अर्ज करायचं. फार तर कलम ८, नाकारायचं. पण त्याच्या आधी एक कलम ४ आहे आणि त्याचं पहिलंच पोटकलम, ४(१)(क), सांगतं की प्रत्येक कार्यालयानं आपले सगळे अभिलेख नीट सूचीबद्ध करून, निर्देशांक तयार करून ठेवले पाहिजेत, म्हणजे लोकांना माहिती मिळणं सोपं जाईल. पहिलंच काम हे आहे. यादी. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना पक्कं ठाऊक होतं की यादी नसेल तर बाकी सगळा अधिकार हवेत आहे. १७ मुद्द्यांची माहिती वेबसाइटवर टाका हे जे ४(१)(ख) आहे ते निदान ऑफिसं कशीबशी पाळतात, साहेबांचं नाव, पगार, फोन नंबर (तोही बदलून गेलेल्या साहेबाचा). यादीचं मात्र नाव नाही.

बरं, ऑफिसला अभिलेख कसे ठेवायचे हे येत नाही असंही नाही. आपल्याकडे सहा गठ्ठे पद्धत आहे, प्रत्येक टेबलच्या कागदांचे सहा गठ्ठे, चालू प्रकरणांपासून ते नष्ट करायच्या कागदांपर्यंत. मग वर्गवारी आहे, अ म्हणजे कायम ठेवायचं, ब ३० वर्षं, क १० वर्षं, ड एक वर्ष. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदाही २००५ चाच आहे, त्यात कागद बेकायदा नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. दिल्ली हायकोर्टानं २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की 'सापडत नाही' हे म्हणून मोकळं होता येणार नाही, कसून शोध घ्या, चौकशी करा, जबाबदारी ठरवा. म्हणजे नियमांची काही कमी नाही. कमी आहे ती त्या मागच्या खोलीत बसून धूळ खात याद्या करणाऱ्या दोन माणसांची. रेकॉर्ड रूमची पोस्टिंग ही आपल्याकडे शिक्षा समजतात हो, ज्याच्यावर साहेब नाराज तो रेकॉर्डला.

आणि मनात आलं तर सगळं होतं. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदींचा प्रश्न पेटला, न्यायमूर्ती शिंदे समिती आली, आणि पाहता पाहता महाराष्ट्रभरच्या रेकॉर्ड रूम उघडल्या. मोडी वाचणारे बोलावले, उर्दू वाचणारे बोलावले, शाळांची, जेलची, भूमी अभिलेखची दप्तरं तपासली, लाखो नोंदी सापडल्या आणि स्कॅन करून जिल्ह्याच्या वेबसाइटवर चढवल्या. त्या राजकारणात मला पडायचं नाही. मला एवढंच दिसलं की जे काम वर्षानुवर्षं 'स्टाफ नाही, बजेट नाही' म्हणून बंद होतं ते काही महिन्यांत झालं. मग तसंच काम निस्तार पत्रकांचं का नाही? कोतवाल बुकांचं का नाही?

एक शंका मलाच येते ती पण लिहितो. ते कोतवाल बुक पूर्ण स्कॅन होऊन नेटवर आलं तर त्यात कुणाची जात, कुणाच्या घरी मूल कधी झालं, कोण कशानं मेलं, सगळं उघडं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं आरटीआयचं कलम ८(१)(ञ) बदललं, आधी वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या, जनहिताचं वजन बघावं लागायचं, शिवाय जी माहिती विधानसभेला नाकारता येत नाही ती माणसालाही नाकारता येणार नाही अशी फार सुंदर ओळ होती, ती गेली. आता वैयक्तिक माहिती म्हटलं की संपलं, जनहिताचा दरवाजा ८(२) मध्ये आहे पण तो ठोठावावा लागतो. मला भीती ही आहे की उद्या दगडी चेहऱ्याचा एखादा अधिकारी मस्टर रोलवरच्या नावांनाही वैयक्तिक म्हणेल. पण शंभर वर्षांपूर्वी तापानं गेलेल्यांची नावं? कायद्यातच ८(३) आहे, २० वर्षांपूर्वीच्या घटनेबाबत बहुतेक अपवाद लागूच होत नाहीत. म्हणजे जुन्याला कुलूप लावायचं कायद्याला मान्यच नाही, आणि प्रत्यक्षात कुलूप जुन्यालाच आहे.

हे वाचून कुणी उत्साहात येऊन लगेच अर्ज लिहायला बसत असेल तर थांबा जरा. आधी सोमवार वापरा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं एक जीआर काढला, कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, महानगरपालिका अशा ठिकाणी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला खुले, फुकट. ही गोष्ट नागपुरात मी ज्याला सांगितली त्यानं डोळे मोठे केले. ऑफिसातल्याही काही जणांनी केले, मग मी जीआरची प्रिंट पुढं केली. (जीआर सगळे शासनाच्या वेबसाइटवर आहेत, हे एक काम सरकारनं खरंच छान केलंय, तारखेनं आणि विभागानं शोधता येतात.) बघायला बसलं की कागदाची नावं कळतात, टिपणी कशी असते, जावक नंबर कुठं असतो, कुणाची सही कुठल्या पानावर, आणि मग अर्ज लिहिला तर तो दोन ओळींचा होतो. सातबारा डिजिटल सहीचा १५ रुपयात मोबाईलवर निघतो, त्यासाठी आरटीआय टाकणारेही मी पाहिलेत, आणि त्यांच्यामुळे बाबू लोक कावतात त्यात बाबूंची चूक नाही. दुसरं अपील शक्यतो टाळायचं बघा. राज्यात एक लाखावर अपिलं-तक्रारी तुंबल्याचे आकडे आलेत, तुमचा नंबर लागेपर्यंत पोरगी डिग्री घेऊन बाहेर पडेल.

मी स्वतः मात्र यंदा उन्हाळ्यात, कूलरसमोर बसून, एक अर्ज लिहिलाच. त्या तालुक्याच्या ऑफिसला. पूर्ण अर्ज एका वाक्याचा होता, "कलम ४(१)(क) नुसार आपल्या अभिलेख कक्षातील सर्व अभिलेखांच्या सूचीची प्रत मिळावी." महिना भरायच्या आत उत्तर आलं, हे मान्य करतो, वेळेत आलं. लिहिलं होतं, "आपणांस नेमक्या कोणत्या अभिलेखाची सूची अपेक्षित आहे याचा बोध होत नाही, तरी अभिलेखाचे नाव, वर्ष व बस्ता क्रमांक कळवावा."

पहिलं अपील टाकलंय. सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि त्या टपरीवरच्या काकाजींना मी सोबत येता का म्हणून विचारलंय. ते म्हणाले, येतो नं, पण बाजाराचा दिवस सोडून.